प्रस्थानाची बॅग

घाबरू नका, मी बॅग बोलतेय. घाबरले आहे ती मीच.

पूर्णा गावच्या गोदामात चार महिने खोक्यात काढल्यावर मला भिवंडीच्या सुधीरभाऊंनी घरी आणलं. ते शाळेत क्लार्क. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून त्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे कागद सांभाळणं हेच माझं काम. माझ्या कुलपाची किल्ली त्यांच्या बायकोच्या, सुनीतीताईंच्या पर्समध्ये. एक दिवसही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने, ईराने, दोघांना तीन दिवस अंदमानला पाठवायचं ठरवलं. समुद्राकाठची महागडी झोपडी. झोपडीतच राहायचं तर इथे भिवंडीजवळ अंबाडी गावाच्या पुढे पुष्कळ आहेत, असं सुधीरभाऊ चिडवत होते.

पण निघायच्या दिवशी अमावास्या. सुनीतीताईंचं मन कचरलं. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून त्यांनी शेजारच्या गुणाबाईंकडे प्रस्थान ठेवलं. म्हणजे सामानातली एक वस्तू आधीच घराबाहेर ठेवायची, प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, आणि निघताना ती उचलायची. हलकी म्हणून मला ठेवलं.

पहाटे गाडी आली. ताईंना वाटलं भाऊंनी मला घेतलं, भाऊंना वाटलं ताईंनी. गाडी गेली. मी देव्हाऱ्याखाली तशीच. ओरडावं तर तोंडाला कुलूप.

पूजेला बसताना गुणाबाईंनी मला पाहिलं आणि लगेच ताईंना फोन लावला. लागेना. दुपारी ताईंचाच आला. बेटावरचा डॉक्टर गोळीचं नाव विचारत होता आणि दोघांना एवढंच आठवत होतं, की ती पांढरी, छोटी. रविवार, म्हणून इथला दवाखाना बंद. भाऊंना घाम फुटला होता.

गुणाबाईंनी सुरी घेतली आणि थबकल्या.

"सुनीती, प्रस्थान ठेवणाऱ्यानेच उचलायचं असतं गं. मध्येच फोडलं आणि काही वाईट झालं तर?"

पलीकडून वाऱ्याच्या आवाजावर ताईंचा आवाज चढला.

"काकू, माणूस परत यायला हवा म्हणून ठेवलं ना ते? मग फाडा."

सुरी माझ्या पोटातून गेली. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती. पहिल्या फोटोत गुणाबाईंचा अंगठाच आला, दुसऱ्यात गोळीचं नाव.

मग दोन तास. गोळी मोठ्या बेटावरून बोटीने यायची होती. गुणाबाई माझ्यासमोर बसून होत्या, चहा तसाच निवला.

संध्याकाळी फोन आला. गोळी पोटात गेली होती, घाम थांबला होता. पण डॉक्टरने रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलंय.

सुनीतीताई, मला शिवू नका, टाकून दिलंत तरी चालेल. गोळ्या तेवढ्या यापुढे त्यांच्या खिशात ठेवा. आणि मला न्यायला एकट्या येऊ नका. दोघं या.