चष्मा काढणारी दुसरी मुलगी

चष्म्याच्या दुकानातल्या बाई तीन आठवडे फोनवर तेरा वर्षांची मुलगी झाल्या होत्या. लहान पोरींना गोड बोलून गळाला लावणाऱ्यांना पकडायचं म्हणून गल्लीतल्या पाच जणांनी गट काढला होता, आणि लिहिण्याचं काम बाईंकडे होतं. मुलगी खरी वाटावी म्हणून त्यांनी तिला चष्मा दिला, वर त्याची लाजही दिली. धंद्यातलं माणूस, दुसरं काय सुचणार? त्यावर, गळाला लागलेल्या एका माणसानं लिहिलं, ‘ती दुसरीही चष्मा काढूनच फोटो काढते.’

बाईंनी ते पुन्हा वाचलं. म्हणजे कुठेतरी एक खरी मुलगी होती.

त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन जमादारबाईंना सगळं दाखवलं.

“दोन दिवस द्या,” जमादारबाई म्हणाल्या. “त्याला पकडणं आणि त्याच्या घराची झडती एकदमच करू. तोवर ब्र काढू नका.”

गटाचा म्होरक्या, गाडी शिकवणारा मास्तर, हे ऐकून हसला. “दोन दिवसांत त्याला आतूनच निरोप जाईल. कुंपणच शेत खातं, ताई.”

आता बाईंना पोलिसांचा संशय, आणि आपले व्हिडिओ किती जणांनी पाहिले हे दिवसातून दहादा सांगणाऱ्या मास्तरचाही. शेवटी रोज दुकानात येऊन बसणाऱ्या मास्तरचंच त्यांनी ऐकलं. माणूस असंच करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी भेटेल असं सांगून गटानं त्या माणसाला बागेच्या फाटकाशी गाठलं. मास्तरनं त्याचं रडणं, हातापाया पडणं सगळं फोनवरून थेट दाखवलं. हजारो लोक बघत होते. त्यांत घरी बसलेला त्या माणसाचा भाऊही होता.

संध्याकाळी जमादारबाई दुकानात आल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

“त्याच्या फोनमध्ये फक्त तुम्ही सापडलात. बाकीचं घरच्या कॉम्प्युटरवर होतं. भावानं तो फोडून टाकला.”

“आणि ती दुसरी?”

“तो कशाला सांगेल?”

बाईंनी त्याच दिवशी गट सोडला. बैल गेला नि झोपा केला.

परवा एक आई मुलीला घेऊन आली. चष्म्याची काडी सैल झाली होती. “घालतच नाही हो,” आई म्हणाली. “फोटोच्या वेळी तर आधी काढून ठेवते.”

बाईंचा हात थांबला. या वयाच्या सगळ्याच पोरी असं करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या आठवड्यातली ही चौथी. आई फोनवर बोलायला बाहेर गेली तशा त्या पुढे वाकल्या.

“कोणाला पाठवतेस गं फोटो? मला सांग, मी कोणाला सांगणार नाही.”

बोलता बोलताच त्यांना आठवलं, हे वाक्य त्यांनी वाचलं होतं. त्या माणसानंच लिहिलेलं.

मुलगी दोन पावलं मागे सरकली आणि तिनं आईला हाक मारली.