पांढऱ्यांचं खरं नाव

मिस्त्रींच्या सुतारखान्यात वाळवीचं नाव घ्यायला बंदी होती. लाकूड आतून पोखरून वरचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवणाऱ्या त्या किड्यांना तिथे ‘पांढऱ्या’ म्हणत, तेही आदरानं. ‘मागच्या भिंतीला पांढऱ्या येऊन गेल्यात,’ असं रंधा मारणारा कारागीर हलक्या आवाजात सांगायचा आणि मिस्त्री ‘असं का’ म्हणून औषधाचा डबा उचलायचे. सख्ख्या व्याह्यांनाही त्यांनी कधी एवढा मान दिला नव्हता.

बंदीमागे श्रद्धा होती, आणि ती अगदी सरळ होती. प्रवचनाला ते पहिल्या ओळीत बसत. तिथे जन्मभर त्यांनी एकच ऐकलं होतं, की मनापासून नाव घेतलं की ज्याचं घेतलं तो धावत येतो. मग एवढी ताकद काय फक्त देवाच्याच नावात असेल? हाक ती हाक. दुकानभर लाकूड रचून ठेवायचं आणि वर वाळवीला नावानं बोलवायचं, म्हणजे पान वाढून आमंत्रण धाडण्यासारखंच झालं. देव भोळ्या भावाचा भुकेला असेल तर मिस्त्रींकडे बघून त्याचं पोट नक्की भरत असणार.

त्यांची सून दोन वर्षं तिथे पॉलिशचं काम करत होती. नखं तपकिरी झाली होती, पण मन गिऱ्हाइकांशी बोलण्यात होतं. मिस्त्रींनी कबूल केलं होतं, की एक मोठं काम स्वतः आण, पार पाड, मग समोरची गादी तुझी. सुनेनं चपला झिजवून काम आणलं होतं: वाचनालयाची सगळी कपाटं.

आता वाचनालयाच्या बाई दुधानं तोंड भाजलेल्या. मागच्या वर्षी त्यांनी जाडजूड शब्दकोश उघडला तर पुठ्ठे धडधाकट आणि मध्ये नुसती माती. सगळे शब्द कोणी तरी खाऊन टाकले होते. त्यामुळे लाकूड पाहिलं, वास घेतला, ठोकून बघितलं, सगळं पसंत पडलं, तरी पर्समधून पेन काढताना त्या म्हणाल्या, “मिस्त्री, एक वाक्य तुमच्या तोंडून हवं. या कपाटांना वाळवी लागणार नाही, एवढंच म्हणा.”

रंधा थांबला. मिस्त्रींनी जवळच्या फळीवर तळहात ठेवला, लहान मुलाचे कान झाकावेत तसा.

“काही लागणार नाही,” ते म्हणाले.

“काही म्हणजे काय?”

“जे लागतं ते.”

“काय लागतं?”

“तुम्ही म्हणालात ते.”

बाईंनी पेन परत पर्समध्ये टाकलं. ज्याला साधं नाव घ्यायची भीती वाटते त्याच्या घरात ती नक्की मुक्कामाला असणार, असं त्यांनी सुनेला स्पष्टच सांगितलं आणि उठल्या. सुनेनं त्यांना हातापाया पडून पाच मिनिटं थांबवलं आणि सासऱ्यांना फळ्यांच्या आड नेलं.

“बाबा, देवाला तुम्ही रोज इतक्या हाका मारता. एका हाकेला आलाय कधी?”

मिस्त्री विचारात पडले. “त्याला कामं असतात.”

“आणि हिला नसतात?”

“हिला हेच काम आहे गं.”

सून आपल्या तपकिरी नखांकडे बघत राहिली. मिस्त्रींना ते बघवेना. जिथे आसपास लाकूड नाही अशी जागा दाखव, तिथे म्हणतो, असं ते म्हणाले.

तिघं रस्त्यावर आली. चहावाल्याकडे बाकडी. शिंप्याकडे मेज. दवाखान्याचं दारच सागवानी. उरलं समोरचं लोखंडी कपाटांचं दुकान. तिथला लोखंडवाला रोज सकाळी शटर उघडताना ‘काय मिस्त्री, आज किती पोखरलं?’ असं ओरडून विचारायचा. आजवर मिस्त्रींनी त्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. क्षणभर घुटमळले, सुनेकडे पाहिलं, आणि चढले.

आत नजर फिरवून ते म्हणाले, “ही खुर्ची बाहेर काढा.”

लोखंडवाला जिच्यावर बसला होता ती खुर्ची लाकडी होती. तो का म्हणून उठेल? पण बाईंचं कुतूहल जागं झालं. एवढी लोखंडी खुर्च्यांची रांग लावून ठेवली आहे, मग स्वतः यावर का, असं त्यांनी विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की लोखंडी सकाळी गार पडते, दुपारी तापते आणि पाठ धरते ती वेगळीच. ही वडिलांच्या वेळची आहे.

“इतक्या वर्षांत काही लागलं नाही?”

“काय लागायचंय, चांगलं लाकूड आहे,” तो म्हणाला, आणि जीभ चावली.

मग मात्र तो निमूट उठला. सुनेनं खुर्ची उचलून फुटपाथवर, रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मिस्त्रींनी हात जोडले, देवाचं नाव घेतलं, आणि कोर्टात सांगावं तसं खणखणीत म्हणाले, “माझ्या कपाटांना वाळवी लागणार नाही. लागली तर नवीन करून देईन.”

बाई हसल्या. म्हणाल्या, खरं तर ते वाक्य म्हटलं नसतंत तरी आता चाललं असतं. ज्याला नावाचाही एवढा धाक, तो औषध मारायला काय विसरणार? लोखंडवाल्यानं मध्येच एका कपाटाचं दार उघडून दाखवलं. ते जोरात किंचाळलं. त्यानं ते बंद केलं.

परत आल्यावर मिस्त्री सुतारखान्यात शिरेनात. आधी नळावर खळखळून चुळा भरल्या, ओठ पुसले, पुन्हा भरल्या. बाई मागून विचारत होत्या, कप्पे किती उंचीचे घ्यायचे.

मिस्त्रींनी तोंडातलं पाणी टाकलं आणि ओल्या हातानं समोरच्या गादीकडे बोट केलं. “ते तिला विचारा. गिऱ्हाईक सून बघते.”