सरळ धरलेली पट्टी

माह्या नाकावर राग असतेच, लपवून काय करू? शेलूबाजारजवळ आमचं वावर, आन् त्याले लागून भाऊसिंगचं. मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून म्हना, मी त्याच्याशी वर्सानुवर्स भांडली. मागच्या साली माहं सोयाबीन पान्यात उभं राहून सडलं, तवा ठरवलं, चर खोदून पानी काढून द्याचंच. पर कोन्या अंगानं? माह्याच वावरातून रस्त्याकडं, का भाऊसिंगच्या वावरातून नाल्याकडं? डोयाले तं सारंच सपाट. चर चुकीच्या अंगानं खोदला, तं याही साली पीक गेलंच समजा.

आमचे मारोतकाका पाटबंधारे खात्यात होते. त्याहीच्यापाशी पितळेची जुनी लेव्हल हाये, तिपाईवर बसवून जमिनीचा उतार मोजाची दुर्बीन. त्याहीच्या डोयाचं नुकतंच आपरेशन झालं, म्हनून त्याहीनं मलेच शिकवलं. तिच्या नळीतला बुडबुडा मधात आनाचा, मंग काचेतल्या आडव्या तारेवर, समोर वावरात उभ्या धरलेल्या पट्टीचा कोनता आकडा येते तो सांगाचा.

"काच जुनी हाये पोरी, तिच्यात सारं उलटं दिसते. भेऊ नोको," काका म्हने.

पट्टी धराले कोनी नव्हतं. भाऊसिंग धुऱ्यावर उभा राहून आयकत होता, तोच आला. मी तोंड फिरवलं, पर नाही म्हनली नाही. गरजवंताले अक्कल नसते.

मी निस्ते तारेवरचे आकडे पाह्यले, ते मले सरळच दिसले. मनात म्हनलं, काका उगीच भेव दाखवून राह्यले. त्याहीनं हिशेब केला. उतार रस्त्याकडं, माह्याच वावरातून. चराच्या रेघेवर चुना टाकला, सकाळी जेसीबी येनार होता.

दिवेलागनीले भाऊसिंग दारात.

"वहिनी, चूक झाली. काचेत उलटं दिसते हे आयकलं, म्हनून तुमाले वाचाले सोपं जावं यासाठी मी पट्टीच उलटी धरली. घरी जाऊन इचार केला. पट्टीचं बूड वर गेलं, तं उंच ते खोल झालं अन् खोल ते उंच. उतार माह्या वावराकडं हाये."

"मंग सांगाले काहून आला?" माहं बोलनंच तसं. "गप बसला असता तं तुही जमीन वाचली असती."

"पान्यानं सांगतलंच असतं. पर तवरिक तुमचं सोयाबीन सडलं असतं."

 मले लय बरं वाटलं अन् तेवढीच लाजही वाटली. त्याले आत बोलावलं, च्या ठेवला.

सकाळी जेसीबीवाल्याले थांबवलं. पट्टी कोन धरन, काकानं इचारलं. भाऊसिंगनं आपल्या हातानं उचलली.

मी काचेत डोया लावला. आता आकडे उलटे, अन् भाऊसिंगही उलटा, पाय आभाळात. मी एकेक आकडा मोठ्यानं सांगत गेली. तसतसं चर त्याच्या उभ्या तुरीतून जानार हे पक्कं होत गेलं, अन् त्याले ते आयकू जात होतं. पट्टी जराही हालली नाही.