सातवा प्रश्न

स्कूबा डायव्हिंगच्या मास्कच्या काचेवर आतून तिच्या श्वासाची वाफ धरली होती – वाटीएवढा ढग – आणि त्यातून गारखेड्यातला त्यांचा हॉल, घरघरणारा कूलर, सोफ्यावरचे कपडे, सगळंच पाण्याखाली गेल्यासारखं हलत होतं. सुलेखाला मास्क काढावासा वाटेना.

सोफ्यावर दोन ढीग होते. एक मालवणचा : कोमट समुद्र, पातळ पोशाख पुरे. दुसरा आइसलँडचा, जिथे त्यांची लेक सोनिया नोकरीला होती : तिथलं पाणी बर्फ वितळून आलेलं, म्हणून पोशाखाच्या आत घालायला लोकरीचे दोन जोड. सुलेखाच्या नवऱ्याने, धम्मपालने, निवृत्तीनंतरची सगळी हौस ह्या तयारीत ओतली होती.

"सुलेखा, डायव्हिंगच्या डॉक्टरी फॉर्ममधला सातवा प्रश्न राह्यला," तो म्हणाला. "पाण्यात बुडून कधी शुद्ध हरपली का? नाय लिहितो."

नाय... नऊ वर्षांची होती ती. लासूर स्टेशनजवळच्या मळ्यातली विहीर, पाय घसरला, आणि मग तो हिरवा उजेड – वरून झिरपत येणारा, मऊ – आणि कुणाचीच हाक नाही, आईची नाही, कुणाचीच... वडिलांनी केसांना धरून वर ओढलं; शुद्ध आली ती काठावर. पोर भ्याली, सगळे म्हणाले. ती रडत होती, पण भिऊन नव्हे. तिला वर यायचंच नव्हतं. हे ती कुणाला कसं सांगणार होती? आणि मालवणचं नाव आधी कुणी काढलं? तिनेच. कुठल्या पाण्याकडे निघाले होते मी...

"भ्या वाटतंय का? अजून रद्द करता येतं."

तिने मास्क उतरवला. "सातव्याला व्हय लिहा."

धम्मपालने फॉर्मवरून मान वर केली. "डॉक्टर पाण्यात सोडायचा नाय मग. कधी झालं हे?"

ती सांगत गेली. हिरव्या उजेडाचंही सांगितलं, वर यायचं नव्हतं हेसुद्धा. त्याने पेन ठेवलं आणि ढीग सरकवून तिच्याशेजारी बसला.

"आणि आता?" त्याने फार हळू विचारलं. "आता वर येशील ना?"

तिला होय म्हणता आलं असतं. तिने डोळे मिटले. विहीर तशीच होती, उजेड तसाच झिरपत होता. फक्त तिथे आज पहिल्यांदाच आणखी कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी जवळ, आणि ती शांतता आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. ह्याचं दुःख होतंय की बरं वाटतंय, तिला कळेना... तिचा हात त्याच्या हाताकडे सरकत होता.