रॅम्सबॉटम नावाचा माग

मित्रांनो, सुरतेतल्या बमरोलीच्या एका पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात साडीचे कापड विणून म्हातारा झालेला मी एक माग आहे. तिथे माझे अर्धे आयुष्य गेले, पण जन्म इंग्लंडमधला. ज्या कारागिराने मला घडवले त्याचे आडनाव रॅम्सबॉटम. ते एका गावाचे नाव. रानलसणाची दरी, असा त्याचा अर्थ मी तिथे ऐकला होता. त्या गावातून जो बाहेर पडला, त्याच्या पाठीला गावाचे नाव चिकटले. तेच नाव पितळी पाटीवर कोरून त्याने माझ्या अंगावर बसवले.

आधी मी अहमदाबादच्या गिरणीत होतो. तिथून जुना म्हणून निघालो आणि बमरोलीला आलो. इथे पंडित नावाच्या कामगाराला थोडी इंग्रजी अक्षरे येत. त्याने पाटीवरची पहिली अक्षरे जुळवून सगळ्यांना सांगितले, की मागावर रामाचे नाव आहे. तेव्हापासून दर दसऱ्याला माझ्या पाटीला कुंकू लागू लागले. मला ते फार आवडे.

मला चालवायचा धुडकू नेरकर. धुळ्याकडच्या नेर गावचा, म्हणून नेरकर. माझा आवाज थोडा बदलला तरी तो तेलाची बुधली घेऊन येई.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली अर्धी सुरत रिकामी झाली. कारखान्यातले सगळे गावाकडे पळाले. शेठसुद्धा नातेवाइकांकडे निघून गेले. जाताना त्यांनी धुडकूला सांगितले, की माग बंद पडले तर कारखान्याने दिलेली तुझी खोलीही गेली. धुडकू थांबला. एकटा माणूस सगळे माग सांभाळू लागला. आडवा धागा घेऊन धावणारा टोकदार धोटा माझ्यातून उडू नये म्हणून पुढे एक लोखंडी आड असते. कामाला उशीर होतो म्हणून शेठनी ती कधीच काढून टाकली होती. दमलेला धुडकू तुटलेला धागा बघायला वाकला आणि माझा धोटा सुटून त्याच्या डोळ्यात घुसला. आसपासचे दवाखाने बंद होते. त्याची बायको कलाबाई त्याला हातगाडीवर घालून दिवसभर हिंडली. डोळा गेला.

परत आल्यावर शेठ म्हणाले, की ध्यान ठेवायला हवे होते. त्यांनी त्याला धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरायच्या कामाला बसवले. आड मात्र पुन्हा कोणी लावली नाही.

दोनेक वर्षांनी इंग्लंडहून एक म्हातारे साहेब आले. त्यांचे आडनाव रॅम्सबॉटम. आपल्या आडनावाची माणसे जगात कुठे कुठे गेली, ते शोधत ते फिरत होते. कोणी खाणीत मेले, कोणी लढाईत, कोणी बोटीने लांबच्या देशांत गेले. माझी पाटी दिसताच ते तिच्यावरून हात फिरवू लागले. हा माग कोण चालवत होते, असे त्यांनी विचारले. शेठनी धुडकूला बोलावले आणि नेरकर म्हणजे नेरचा, हेही समजावून सांगितले. साहेब फार खूश झाले. आपण दोघे गावाच्या नावाने ओळखली जाणारी माणसे, असे ते म्हणाले.

मग त्यांनी त्याच्या डोळ्याकडे बोट करून काही विचारले. शेठ चटकन म्हणाले, की लहानपणी देवी आल्या होत्या. धुडकूला इंग्रजी येत नव्हते, पण प्रश्न कळला होता. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि साहेबांकडे बघत घरच्या भाषेत सांगितले, "मना डोया ह्याच मागनी लिधा." माझा डोळा याच मागाने घेतला.

काय म्हणतो, साहेबांनी विचारले.

"तो म्हणतो, हा माग माझा देव आहे," शेठनी इंग्रजीत सांगितले. "यानेच माझी पोरे पोसली."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी धुडकूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला दोन्ही भाषा कळत होत्या, मित्रांनो. पण मला तोंड नव्हते.

शेठनी ती पाटी साहेबांना भेट दिली. खोलायला धुडकूलाच सांगितले. त्याने एकेक नट सैल केला, पाटी आपल्या गमछ्याने पुसली आणि साहेबांच्या हातात दिली.

दुपारी कलाबाई भाकरी घेऊन आली. माझ्याजवळच बसून तो तिला म्हणाला, "साहेबले समजनं. त्याना डोयामा पानी उनं."

साहेब आता शेठशी बोलेल का, असे तिने हळूच विचारले. बोलेल, धुडकू म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्याला कामावरून काढले. पाहुण्यासमोर तोंड उघडले, एवढाच त्याचा गुन्हा. खोलीही गेली. दोघे गाठोडी घेऊन नेरला निघून गेले. पुढे नवे माग आले आणि मला भंगारवाल्याच्या आवारात आणून टाकले. उद्यापरवा घण पडेल.

माझी जपणूक करा, असे मी म्हणणार नाही. माझ्या अंगावर धुडकूच्या डोळ्याचे पाप आहे. माझे मागणे वेगळे आहे. कधी नेरला गेलात आणि एका डोळ्याचा म्हातारा भेटला, तर त्याच्यापाशी थोडे बसा. समुद्रापलीकडे एका माणसाला माझे दुःख ठाऊक आहे, असे तो तुम्हाला सांगेल. मित्रांनो, तेवढे ऐकून घ्या. त्याला खरे सांगू नका.