कान तुटलेला कप

गोदूबाईने बादलीत हात घातला, फडकं पिळून वर काढलं आणि मनगटाला चिकटलेला एक लांब पांढरा केस दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

"साहेबांचा न्हाय हा," ती म्हणाली. "साहेबांचे आखूड हायेत."

केस सरलाबाईंचाच होता. त्यांनी मान वळवली. बादलीतलं पाणी साबणाने गढूळ पांढरं झालं होतं, वर करडा फेस होता आणि कडेला अंगाचा मळ रेघ धरून बसला होता. सकाळी सातला आपण या पाण्याने अंघोळ केली आणि दहा वाजता तेच पाणी देवघरापुढच्या फरशीवर पसरतंय, हे मनात आलं आणि त्यांनी पदर नाकाला लावला. शी! पण बोलायची सोय नव्हती. बाहेरच्या खोलीत माधवराव बसले होते आणि त्यांचे कान अशा बाबतीत तिखट होते.

माधवरावांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर हेडक्लार्की केलेला माणूस घरी बसला की काय करणार? त्याने घराचीच फाईल उघडली. पाणी दिवसाआड येतं, विजेचं बिल वाढतंय, पृथ्वी तापतेय, तेव्हा एका दगडात सगळं साधायचं असं त्यांनी ठरवलं. थोड्याच दिवसांत निजामपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या-स्वयंपाकघराचा वास बदलला. अंघोळ टबात उभं राहून करायची आणि ते पाणी फरशीला. संडासात पाणी ओतायचं ते दिवसातून ठरावीक वेळाच. लहान कामासाठी ओतलेलं पाणी म्हणजे उधळपट्टी. लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली गुळात घालून तीन महिने कुजवलेलं एक तपकिरी पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलं. त्यानेच बेसिन घासायचं, त्यानेच भांडी. गॅलरीत ओल्या कचऱ्याचा ड्रम, त्याच्या झाकणाखाली वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. दोरीवर धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या. आणि ओटा पुसायला माधवरावांच्या जुन्या बनियनचे तुकडे. त्यातल्या एकाला काखेचा पिवळा डाग तसाच होता, आणि सरलाबाईंना नेमका तोच हाताला लागायचा.

नवऱ्याचं चुकतं असं त्यांना छातीठोक म्हणता येत नव्हतं. बिल खरंच निम्म्यावर आलं होतं. बाहेरून येणारे तोंडभरून कौतुक करत. फक्त त्यांना स्वतःला संडासात नाक दाबून जावं लागे.

"बाई," गोदूबाई फरशीवर बसल्या बसल्या म्हणाली, "एकतीस तारखेपर्यंतच येते मी. मंग वरती, तिसऱ्या माळ्यावर."

सरलाबाईंच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "करिष्माकडे? जास्त देते का ती?"

"न्हाय. पैसे तेवढेच."

"मग गं?"

गोदूबाईने बादली पुढे सरकवली आणि कपाटाखाली हात घातला.

सरलाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. खाली बसणं संपलं होतं, वाकणं संपत आलं होतं. गोदूबाई गेली की या बादल्या, हा ड्रम आणि त्या साली कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला नको होतं. पण त्यांना धस्स झालं ते वेगळ्याच गोष्टीने. चौदा वर्षं ही बाई वळ गावाहून रिक्षा बदलत येत होती, आणि या घरात सरलाबाईंचं बोलणं ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस होतं. काम झालं की सरलाबाई तिला दोन चमचे साखर घालून चहा देत. त्या आत स्टुलावर बसत, गोदूबाई गॅलरीत उभी राहून, पाठमोरी, झाडांकडे बघत चहा पीत असे. सुनेची कटकट, मुलाची गोदामातली ड्युटी, नणंदेचं पोटाचं ऑपरेशन, सगळं त्या उंबरठ्यावरून इकडून तिकडे जायचं. शेवटी गोदूबाई पदराने तोंड पुशी, कप खिडकीत पालथा घाली आणि म्हणे, "येते बाई." तो कप तिचाच होता. त्याचा कान तुटलेला होता. घरात फेकायचं काहीच नाही, हे माधवराव आता सांगत होते. सरलाबाईंनी तो कप त्याच्या कितीतरी आधी असा ठेवून दिला होता.

बादल्याच, दुसरं काय, सरलाबाईंनी मनाशी म्हटलं. कंटाळली बिचारी. कुणीही कंटाळेल.

रविवारी माधवरावांनी नागरिक मंडळातली चौघं घर बघायला बोलावली होती. सरलाबाई चांगली साडी नेसल्या. त्यांनी संडासात गुपचूप तीन बादल्या ओतल्या आणि उदबत्ती लावली. मंडळी नाकावर रुमाल न धरता ड्रममध्ये डोकावली, अळ्या बघून "वा!" म्हणाली. असल्या किळसवाण्या गोष्टीला वा म्हणणारी माणसं सरलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांच्यातली अपूर्वा नावाची एक तरुण शिक्षिका प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होती. कढीपत्त्याच्या कुंडीपाशी ती थांबली. झाड हिरवंगार, पुरुषभर उंच झालं होतं.

"काय घालता हो याला?"

"फक्त घरचं खत," माधवरावांनी सांगितलं. "एक मुंग्यांचा तेवढा त्रास आहे. किती वेळा सांगितलं हिला, गुळाचं पाणी इथे ओतू नकोस."

"मी कुठे ओतते?" सरलाबाई म्हणाल्या, पण ते कुणी ऐकलं नाही.

अपूर्वाने गोदूबाईला विचारलं, "मावशी, त्या सालींच्या पाण्याचा तुमच्या हातांना त्रास नाही ना होत?"

गोदूबाईने हात पदराआड घेतले. "न्हाय ताई."

चहा झाला. पाहुण्यांना निळ्या फुलांच्या कपांतून, गोदूबाईला तिच्या कपातून. स्वयंपाकघरात मंडळी बाटल्यांभोवती गर्दी करून उभी होती, म्हणून सरलाबाई जास्तीची खुर्ची आणायला आतल्या खोलीत गेल्या. त्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते. चौदा वर्षांत गोदूबाईला चहा पिताना त्यांनी समोरून कधी पाहिलं नव्हतं.

गोदूबाई वाळणाऱ्या पिशव्यांच्या आड उभी होती. तिने कप तोंडापर्यंत नेला, लावला मात्र नाही. मग जरा पुढे वाकून तिने तो कढीपत्त्याच्या बुंध्याशी हळूहळू, अजिबात आवाज न करता ओतला. शेवटचा थेंब झटकला. आणि पदराचं टोक घेऊन आपलं कोरडं तोंड पुसलं.

सरलाबाई खुर्ची धरून तशाच उभ्या राहिल्या. आधी त्यांना संताप आला. माझ्या घरचा चहा! दुधाचा, आल्याचा, दोन-दोन चमचे साखरेचा! वर तोंड पुसायचं नाटक! एवढी शिसारी येते हिला आमच्या घराची? त्यांचे कान तापले. बाहेर कुणीतरी फोटोसाठी हाक मारत होतं, त्या फोटोतही त्यांचा चेहरा तसाच आला असणार.

मंडळी गेली. माधवराव त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथेच बोलत उभे राहिले. गोदूबाई ओट्याशी कप घासत होती. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट भिंतीतून येत होती.

"चहा कुंडीत ओतलास तू," सरलाबाई म्हणाल्या. "मी पाहिलं."

गोदूबाईचा हात थांबला नाही. "हां."

"रोज ओततेस?"

"हां बाई."

एवढं सरळ उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. भांडायला काही उरलंच नाही. त्या स्टुलावर बसल्या. समोर बादली होती, पाण्यावर फेस होता, ओट्यावर तो बनियनचा तुकडा पडला होता. त्यांचा राग बघता बघता नवऱ्याकडे वळला, आणि वळल्यावर त्यांना हलकंसुद्धा वाटलं.

"अगं, मला तुझ्याहून जास्त किळस येते," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. घास घेताना त्या अळ्या दिसतात मला. या घरात मी काय खाते आणि कशी खाते ते माझं मला ठाऊक. तू म्हणत असशील तर उद्यापासून सगळं बंद. मी सांगते त्यांना. नळाचं पाणी वापर, फिनाईल आणून देते. पण तू जाऊ नकोस गं."

त्या उठल्या. गुडघा कळवळला, पण उठल्या. पातेलं साबणाने घासलं, चांगल्या पाण्याने दोनदा विसळलं, माठातलं पाणी घेतलं. आलं किसलं, गवती चहाची पात तोडून घातली, साईचं दूध घातलं. चहा गाळताना त्यांचा हात सवयीने खिडकीकडे गेला. कान तुटलेला कप त्यांनी विसळला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे. स्वच्छ पाण्याचा आहे. माझ्यासमोर पी."

गोदूबाईने तो घेतला. त्यात पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं.

"बाई, बादलीची किळस मला न्हाय," ती म्हणाली. "आमचं शेत व्हतं तवा न्हानीचं पानी केळीला जायचं. खरकटं म्हशीला. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं. साहेब आता सांगतात त्ये समदं आमी करीतच व्हतो. पानी म्हंजे पानी. त्यात घान काय?"

"मग?"

गोदूबाईच्या मागे मांडणीवर निळ्या फुलांचे कप ओळीने पालथे होते, अजून त्यांतून पाणी निथळत होतं.

"हे समदे कप मीच घासते, बाई."

तेवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने भरलेला कप ओट्यावर ठेवला, हात पुसले, बादली मोरीत नेऊन नीट कडेला लावली. दाराशी चपला सरकवताना ती म्हणाली, "एकतीसपर्यंत येते."

सरलाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. खिडकीत कपाची जागा दिसत होती, धुळीत उमटलेलं एक गोल वर्तुळ. त्याच्या एका बाजूला फिनाईलची जुनी रिकामी बाटली, दुसऱ्या बाजूला संडास घासायचा ब्रश, मागे पालीच्या लेंड्या. या कपाच्या आधी तिथे एक पोचा आलेला स्टीलचा पेला होता. तोही गोदूबाईचाच. बादल्या, साली, ड्रम यातलं काहीही घरात आलेलं नव्हतं तेव्हापासून.

त्यांनी कप उचलला. कान नसल्यामुळे तो दोन्ही हातांत धरावा लागला आणि बोटं भाजली. चहा उत्तम झाला होता, वासावरून कळत होतं. त्यांनी तो ओठांशी नेला. तुटक्या जागी तपकिरी कीट धरलं होतं. ते नाकाशी आलं आणि त्यांनी कप खाली घेतला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. एक घोट. एकच घोट घ्यायचा होता. तोंड उघडेना.

जिन्यावरून माधवराव परत आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "पातेलं परत गॅसवर दिसतंय! पुन्हा चहा केलास? वाया नाही ना गेला?"

सरलाबाई गॅलरीत गेल्या. पिशव्यांच्या आड उभं राहून त्यांनी कप कढीपत्त्याच्या बुंध्याशी हळूहळू ओतला. मुंग्या पांगल्या आणि परत आल्या.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. "प्यायले मी."