विरोधाची खुर्ची

इतिहासाला वळण देणारे निर्णय माणसाला एकट्यानेच घ्यावे लागतात. ताईंनी हे वाक्य तरुणपणी एका भाषणात वापरलं होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. पण तसा निर्णय घ्यायची वेळ खरोखर आली, तेव्हा घरात एकटं बसता येईल अशी एकच जागा उरली होती आणि तिचं दार सासूबाई बाहेरून वाजवत होत्या.

"अगं, आत झोप लागली की काय?"

"विचार करतेय."

"मग बाहेर बसून कर. आमची कामं खोळंबलीत."

ताई म्हणजे बाजारपेठेच्या प्रभागाच्या नगरसेविका, ओळीने तीनदा निवडून आलेल्या. सगळा प्रभाग त्यांना ताई म्हणे, त्यात नव्वदीचे गृहस्थही आले. त्या पुरोगामी होत्या, आणि नुसत्या व्यासपीठावर नव्हे. त्यांच्या घरात भांडी आळीपाळीने घासली जात आणि आज पाळी कोणाची यावरची भांडणंही समान हक्काने होत. स्वतःचा फोटो फलकावर लावायचा नाही हे त्यांचं जुनं व्रत. त्यामुळे प्रभागात नव्याने राहायला आलेली माणसं त्यांना बांधकामावरची मुकादम समजत आणि रेती कुठे टाकायची ते विचारत. ताई सांगतही.

प्रकरणाची सुरुवात शनिवारी सकाळी झाली. पक्षाच्या मुख्य कार्यालयातले निरीक्षक आले. ते बुधवारपासून दौऱ्यावर होते आणि त्यांच्या शर्टाकडे बघून ते कळत होतं. ताईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच. तिथल्या बाकावर चहा घेता घेता निरीक्षक म्हणाले, "ताई, मोठ्या सभागृहाला आता तुमच्यासारखी माणसं हवीत. तुमचं नाव जवळजवळ पक्कं आहे. शुक्रवारी तीनच्या आत अर्ज भरायचा. तेवढा तुमच्या समितीचा ठराव घेऊन टाका."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे पक्कंच हो. बोलायची आपली एक पद्धत."

निघताना नवऱ्याने त्यांचे डोळे फुकटात तपासून दिले. पाठमोरे निरीक्षक दिसेनासे झाल्यावर तो म्हणाला, "साहेबांना लांबचं फारसं दिसत नाही."

ताईंनी ते धंद्यातलं मत म्हणून सोडून दिलं.

"मग? जाणार का?" नवऱ्याने काचा पुसत विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी मतदार आहे. माझं मत गुप्त असतं."

"अरे, सरळ सांग ना."

"सरळ सांगायचं तर, तू गेलीस की मंगळवारी वरच्या खोलीत तुमच्या समितीचा आरडाओरडा होणार नाही. मी काय वाचायला सांगतोय ते गिऱ्हाइकांना ऐकू येईल. पण मग मंगळवारी मी भांडायचं कोणाशी, हा प्रश्न राहतोच."

सासूबाईंचं मत गुप्त नव्हतं. "जा गं तू. मला सून टीव्हीवर बघायचीय. प्रत्यक्ष बघून बघून कंटाळा आला."

रविवारी सकाळी ताई नेहमीप्रमाणे बाजारामागच्या स्वच्छतागृहात गेल्या. हे बायकांचं स्वच्छतागृह मिळवायला त्यांना सात वर्षं लागली होती. त्यात अकरा दारं, अकरा कड्या. पहिल्या कड्या आठवड्यात वाकल्या, दुसऱ्या गंजल्या, तिसऱ्या ताईंनी स्वतः दुकानात बसून एकेक उघडून-लावून निवडल्या. दर रविवारी त्या अकराही दारं आतून लावून बघत. कडी नीट बसली की टक् असा आवाज येई. या आवाजासाठी आपण सात वर्षं भांडलो हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा काळजीने बघायला लागे.

बाहेर भाजीवाली बाटलीने घटाघटा पाणी पीत होती. पूर्वी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटही घेत नसे, जायचं कुठे म्हणून.

"ताई, मोठ्या ठिकाणी चाललात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या सासूबाई. कालच टीव्ही पुसून घेतला म्हणाल्या."

घरी येताना ताईंचा हिशेब काही केल्या जुळेना. मोठ्या सभागृहात गेलं तर अशा हजार स्वच्छतागृहांचा कायदा करता येईल. किंवा अधिवेशनात चार मिनिटं बोलायला मिळेल आणि तीन मिनिटांनी घंटा वाजेल. इथे राहिलं तर अकरा कड्या. मग इथे राहावंसं वाटणं हा आळस आहे का? आणि तिकडे जावंसं वाटणं ही हाव? त्यांनी पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून दोन्ही बाजूंना लागू पडतील अशी तत्त्वं आठवून बघितली. दोन्हीकडे भरपूर निघाली. दुपारी सासूबाईंना रद्दीच्या पेपरच्या कडेला ताईंची चार वेळा केलेली सही सापडली, खाली 'सदस्य, मोठं सभागृह' असं लिहिलेलं. त्यांनी तो कागद न बोलता सुनेच्या उशीखाली सरकवला.

मंगळवारी पाच वाजता समिती दुकानावरच्या खोलीत जमली. या खोलीत पूर्वी नवरा डोळे तपासत असे. म्हणून भिंतीवर अजून मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंतचा तक्ता होता आणि चर्चा लांबली की मागच्या रांगेतले सदस्य एक डोळा झाकून बसत. कोपऱ्यात रोग्याची जुनी खुर्ची होती, पायाने दाबून वर-खाली करायची. तिच्यातली हवा हळूहळू निसटे. बसणारा उंचावर बसे आणि पाच मिनिटांत सूं असा आवाज करत जमिनीजवळ येई.

ही समितीची विरोधाची खुर्ची. वीस वर्षांपूर्वी समितीची नियमावली ताईंनीच लिहिली होती, मान डोलावणाऱ्यांचा त्यांना तेव्हा फार संताप होता. कलम चार: कोणीतरी त्या खुर्चीवर बसून विरोधात बोलल्याशिवाय कोणताही ठराव मताला टाकायचा नाही. कलम चार-अ: विरोध मनापासूनचा असावा. या नियमामुळे समितीने आजवर कधीही घाईत चूक केली नव्हती. ज्या केल्या त्या सगळ्या सावकाश.

"विषय क्रमांक आठ," कार्यवाह म्हणाले. ते छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. त्यांच्यासमोर आठवडाभराचं टपाल दगडाखाली दाबून ठेवलेलं होतं. टपाल सगळ्यांसमोर, आणि शेवटचा विषय म्हणूनच फोडायचं, हे कलम सहा. "ताईंनी मोठ्या सभागृहासाठी उभं राहावं, असा ठराव. अनुकूल कोण?"

ताई सोडून अठराच्या अठरा हात वर गेले. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरातलं लग्न ठरलंय.

"विरोधात?"

कोणी हललं नाही.

"विरोध नसेल तर ठराव मताला टाकता येणार नाही."

"अहो, सगळेच हो म्हणतायत!" दातांची डॉक्टर म्हणाली. "मग अडचण काय?"

"हीच," कार्यवाह म्हणाले.

दहा मिनिटं कोणी एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही. मागच्या रांगेने तक्त्याची शेवटची ओळ वाचून काढली. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं आणि चिठ्ठी नळवाल्याची निघाली. तो बिचारा खुर्चीवर चढला. "माझा ताईंना कडक विरोध आहे," त्याने ठणकावून सांगितलं, आणि खुर्ची सूं करायला लागली. "कारण ताई फार काम करतात. ऊन म्हणत नाहीत, पाऊस म्हणत नाहीत. असं माणूस तिकडे गेलं तर तिकडच्या बाकीच्यांची अब्रू जाईल. म्हणून माझा विरोध."

टाळ्या पडल्या.

"कलम चार-अ," कार्यवाह थंडपणे म्हणाले. "हा विरोध मनापासूनचा नाही."

"नाहीच आहे!" नळवाला खालून म्हणाला, तो आता टेबलाच्या कडेच्या खाली गेला होता. "मी काय करू? मला त्या जायला हव्यात. मोठ्या सभागृहातले नळ आतून बघायची माझी फार इच्छा आहे."

"मग असं करू," निवृत्त ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजच्यापुरतं कलम चार बाजूला ठेवू."

"ठेवू या. त्याचा ठराव मांडा," कार्यवाह म्हणाले. "त्याला विरोध कोण करणार?"

मागची रांग पुन्हा तक्त्याकडे वळली. ताईंना हसू आलं. त्यांनीच घातलेल्या कुंपणात त्यांच्याच माणसांची गाडी अडकली होती. आज ठराव झाला नाही तर शुक्रवार हातातून जाणार. गप्प बसलं तर सगळं आपोआप मिटेल, कोणी बोट दाखवायला नको. आणि नेमकं तेच त्यांना बरं दिसेना. त्या उठल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि पायाने चार-पाच वेळा दाबून तिला पार वर नेलं.

"ताई, तुम्ही?"

"नियमात 'कोणीतरी' लिहिलंय. मी कोणीतरी आहेच ना?"

त्या चढून बसल्या. इतक्या उंचावरून सगळ्यांची टाळकी दिसत होती.

"मी जाऊ नये असं माझं मत आहे," त्या म्हणाल्या. "आणि आधीच सांगते, यात तत्त्व वगैरे काही नाही. मला तिथल्या दारावरच्या पाटीची हौस आहे. रविवारी मी तशी सही करून बघितली, चार वेळा. सासूबाईंकडे पुरावा आहे."

कोणीतरी हसलं. खुर्ची खाली येत होती.

"हजार स्वच्छतागृहांचा कायदा करायला तिथे माणूस हवं, हे खरं. पण ते माणूस तिथे बसायला आवडणारं हवं. मी तिथे बसेन आणि इथली सातव्या दाराची कडी आठवत राहीन. पावसाळ्यात ते दार फुगतं आणि कडी बसत नाही. मला इथलं काम आवडतं. मंगळवार आवडतो. कार्यवाहांचा भयंकर राग येतो, तोही आवडतो. वीस वर्षं मी मला जे आवडतं त्यालाच तत्त्व म्हणत आले आणि तुम्ही टाळ्या वाजवत आलात. आज या खुर्चीवर तरी खरं बोलते. मला जायचं नाही, कारण मला जावंसं वाटत नाही. संपलं."

खुर्ची टेकली. ताईंचे गुडघे हनुवटीला आले होते.

ग्रंथपालबाईंनी पदराने डोळे टिपले. "केवढा हा त्याग!"

"त्याग नाही हो. आवड."

"बघा! त्यागालासुद्धा आवड म्हणतायत!"

"असं माणूस आजकाल मिळत नाही," दातांची डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाली. खोलीत एकदम असं वातावरण झालं की ताईंनी हात जोडून विनवलं असतं तरी कोणी त्यांना जाऊ दिलं नसतं. मतदान गुप्त झालं. ज्याचा विषय त्याने मत द्यायचं नाही, म्हणून ताई बाहेर जिन्यात उभ्या राहिल्या. ठराव सोळा विरुद्ध दोन मतांनी पडला. दोघांतला एक नळवाला. हे कळलं, कारण त्यानेच सांगितलं.

ताई आत आल्या तेव्हा त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. आता सातव्या दाराला रंधा मारून घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

"विषय क्रमांक नऊ, आलेलं टपाल," कार्यवाह म्हणाले आणि त्यांनी दगड उचलला. वाचनालयाची सूचना, वीज बंद राहण्याची सूचना, आणि एक लांबट पाकीट, मुख्य कार्यालयाचं. त्यांनी ते कात्रीने नीट कापलं, चष्मा सरसावला. "'आपल्या भागातली मोठ्या सभागृहाची जागा मित्रपक्षाला सोडण्यात आली असून त्यांचा उमेदवार जाहीर झाला आहे. सर्वांनी एकदिलाने त्यांचं काम करावं.' यात एक स्वल्पविराम राहिलाय."

त्यांनी पेन्सिलीने तो भरला.

"म्हणजे आपण नाही म्हणायच्या आधीच त्यांनी..." नळवाला म्हणाला.

"आधी कसं?" कार्यवाह म्हणाले. "ठराव आठवा. पत्र नववं."

ताई इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं, आणि रिकामी असलेली एकच खुर्ची सूं करत त्यांना घेऊन खाली गेली.

दुकान बंद करताना नवऱ्याने विचारलं, "काय ठरलं?"

"जायचं नाही."

"तुझं ठरलं की त्यांचं?"

"एकमताने."

सासूबाईंनी टीव्हीवर पुन्हा कापड घातलं.

कार्यवाहांनी इतिवृत्त त्याच दिवशी स्वच्छ अक्षरात उतरवलं. ठराव क्रमांक आठ: ताईंनी उमेदवारी नाकारली. विषय क्रमांक नऊ: उमेदवारी देण्यात आलेली नव्हती. पत्रावरची तारीख गुरुवारची. निरीक्षक येऊन गेले ते शनिवारी.